जुगाडाची आरती पुरे!

आपल्या देशात ज्या थोड्या गोष्टींवर सर्व पक्षांचे, सर्व पंथांचे आणि सर्व वयांच्या माणसांचे एकमत आहे, त्यांत जुगाडाचा क्रमांक फार वरचा लागेल. व्याख्याते त्याच्यावर व्याख्याने देतात, व्यवस्थापनशास्त्राचे पंडित ग्रंथ लिहितात, आणि भंगारातल्या इंजिनावर उसाचा चरक फिरताना दिसला की आपली छाती अभिमानाने फुगते. ‘आपला माणूस काय वाटेल ते करील हो!’ असे आपण कौतुकाने म्हणतो. हे कौतुक ज्याच्या जिवावर उठले आहे, त्या माणसाची बाजू आज मला मांडायची आहे. फराळाचे ताट पुढे असताना असला विषय काढू नये, असे कोणी म्हणेल. मी म्हणतो, याच वेळी काढला पाहिजे. कारण त्या ताटातली निम्मी शेव आणि बहुतेक मिठाई आता घरच्या कढईतून येत नाही. ती ज्या यंत्रांतून येते, त्यांच्याविषयीच मला बोलायचे आहे.

हॉटेले, खानावळी, मिठाईची दुकाने, मंगल कार्यालये यांच्या भटारखान्यांतील यंत्रे दुरुस्त करणारा मेकॅनिक हा माझा विषय. या धंद्यात मी पंचवीस वर्षे काढली आहेत, तेव्हा ऐकीव सांगत नाही.

आयटीआयमध्ये वायरमन वेगळा, फिटर वेगळा, वेल्डर वेगळा आणि फ्रीजचे काम शिकणारा वेगळा. भटारखान्यातल्या मेकॅनिकला हे चौघेही एकट्याने व्हावे लागते, आणि गॅसचे काम करणारा पाचवाही. आज इडलीच्या पिठाचा दगडी ग्राइंडर, उद्या कणीक मळण्याचे यंत्र, परवा डीप फ्रीजर. रात्री अकरा-साडेअकराला शेवटचे गिऱ्हाईक उठते, भट्ट्या विझतात, आणि तेव्हा याचा दिवस सुरू होतो. पहाटे इडलीचे पहिले भांडे चढायचे असते. मधले चार-पाच तास काय ते याचे. फरशीवर पाण्याचा आणि तेलाचा राडा झालेला, भट्टीचे लोखंड अजून हात लावू देत नाही, आणि तिच्याखाली हा दातांत बॅटरी धरून पाठीवर पडलेला. यंत्राच्या विजेच्या पेटीत ऊब असते, म्हणून झुरळांनी तिथे संसार थाटलेला असतो. एखादे बेअरिंग हवे असेल तर सकाळी नागदेवी स्ट्रीट गाठायची, विजेचा भाग हवा असेल तर लोहार चाळ. पुण्यात असेल तर तपकीर गल्ली. आणि बिल पुढे केले की ठरलेला प्रश्न : ‘दहा मिनिटांचं तर काम, त्याचे एवढे?’ ते दहा मिनिटांत कसे झाले, हे शिकायला किती वर्षे लागली, ते बिलात लिहिता येत नाही.

पण कष्टांबद्दल माझी तक्रार नाही. कष्ट कोणत्या धंद्यात नाहीत? माझी तक्रार आहे ती चार शब्दांबद्दल. ‘तेवढं चालू करून द्या’ हे ते चार शब्द. दिसायला किती साधे आणि आर्जवी! परंतु त्यांच्या पोटात काय दडलेले असते ते पाहा.

गॅसच्या चांगल्या भट्टीला ज्योतीजवळ बोटाएवढी एक काडी असते; तिला थर्मोकपल म्हणतात. ज्योतीच्या उष्णतेने तिच्यात २०-३० मिलिव्होल्ट वीज उत्पन्न होते, म्हणजे बॅटरीतल्या एका सेलच्या साधारण पन्नासाव्या हिश्शाएवढी. तेवढ्या विजेवर गॅसची झडप उघडी राहते. उतू गेलेल्या सांबाराने ज्योत विझली की वीज थांबते आणि गॅस आपोआप बंद होतो. हा गॅस हवेहून जड असतो. तो वर उडून जात नाही. फरशीवर पसरतो, मोरीत उतरतो आणि ठिणगीची वाट पाहतो. ही काडी निकामी झाली की भट्टी पेटती राहत नाही. नवी काडी उद्या दुपारी मिळणार. मालक म्हणतात, ‘ती झडपच काढून टाका, गॅस सरळ सोडा. तेवढं चालू करून द्या.’

तळणीच्या यंत्राला दोन पहारेकरी असतात. एक तेलाचे तापमान राखतो. दुसरा, पहिला झोपी गेला तर वीजच तोडतो. तळायला १८० अंशांच्या आसपास पुरते. त्याच्या दुपटीच्या घरात तेल गेले की त्याला पेटायला काडीसुद्धा लागत नाही. दुसरा पहारेकरी वारंवार वीज तोडू लागला, तर पहिला बिघडला आहे असा त्याचा सरळ अर्थ आहे. मालक म्हणतात, ‘दुसरा काढून टाका.’ कणकीच्या यंत्रावर जाळी असते. ती उचलली की यंत्र थांबते, म्हणजे हात आत सापडत नाही. आचाऱ्याला चालत्या यंत्रात पीठ घालायचे असते. ‘तो स्विच बांधून टाका.’ ग्राइंडरच्या अंगात वीज उतरली तर ३० मिलिअँपिअरच्या गळतीलाच पुरवठा तोडणारे उपकरण असते. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या पोऱ्याचा जीव त्याच्यावर अवलंबून. ‘सारखं ट्रिप होतंय हो, काढून टाका.’

म्हणजे, घरात चोर शिरला म्हणून कुत्रा भुंकतो, आणि आपण कुत्र्यालाच गोळी घालतो! मग घर शांत होते, आणि शांत झाले म्हणून आपण गोळी घालणाऱ्याची पाठ थोपटतो. ‘काय डोकं आहे!’ उसाच्या चरकाचा जुगाड वेगळा. जिथे साधन नाही तिथे बुद्धीने साधन उभे करणे ही कर्तबगारी आहे, तिला माझाही नमस्कार. पण असलेले रक्षण काढून टाकणाऱ्या हातचलाखीलाही आपण तेच नाव दिले, आणि त्या नावाच्या पांघरुणाखाली वाटेल ते खपू लागले. खंडेनवमीला याच यंत्राला आपण हळदकुंकू वाहतो, झेंडूची माळ घालतो, नारळ फोडतो. ती माळ ज्या जाळीवर पडायची, ती जाळी मात्र केव्हाच माळ्यावर गेलेली असते.

भटारखान्याची आग ही काही कल्पनेतली गोष्ट नव्हे. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी मुंबईत कुर्ल्याच्या एका उपाहारगृहात गॅसचा भडका उडाला आणि ८ जण गेले. त्यांत बहुतेक कॉलेजातली मुले, दुपारचे जेवायला बसलेली. त्यांच्या घरच्यांना भरपाई द्यावी असा उच्च न्यायालयाचा आदेश निघायला २०२५ साल उजाडले. १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे साकीनाक्याला एका फरसाणाच्या दुकानाला आग लागली आणि १२ कामगार मेले. या आगींत कोणा मेकॅनिकच्या जुगाडाचा हात होता, असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणतो, की जिथे गॅस, तेल, वीज आणि पाणी एका खोलीत नांदतात आणि त्याच खोलीत माणसे राबतात, तिथे कोणताही पहारेकरी जास्तीचा नसतो.

यावर उत्तरे तयार असतात. पहिले : ‘मेकॅनिकने नाही म्हणावे!’ घरी पंख्याखाली बसून हा उपदेश करणे सोपे आहे. त्याने नाही म्हटले तर मालक दुसऱ्याला बोलावतात, तो दहा मिनिटांत तार जोडून देतो आणि पुढचे सगळे काम त्याचे होते. आपल्याकडे मेकॅनिकला पैसे मिळतात ते यंत्र चालू झाले तर. ‘हे यंत्र चालवू नका’ हे त्याने दिलेले सर्वांत मोलाचे मत; त्याला चहासुद्धा नाही! जो धोका दाखवतो तो उपाशी आणि जो झाकतो त्याला बक्षीस, अशी व्यवस्था आपणच लावायची आणि मग सचोटीची अपेक्षा करायची, हा कुठला न्याय? आणि उद्या बोट तुटले, आग लागली, की पहिला प्रश्न कोणता? ‘शेवटचा हात कोणी लावला होता?’ चार शब्द तोंडी होते. त्यांची नोंद कुठे नसते.

दुसरे उत्तर मालकांचे. ते राक्षस नाहीत, हे मीच सांगतो. जागेचे भाडे, वीस माणसांचा पगार, आंबून बसलेले पीठ आणि समोर उघडलेले दुसरे हॉटेल, या कात्रीत तेही सापडलेले असतात. पण ती बोटाएवढी काडी आधीच आणून कपाटात ठेवली, तर तिची किंमत दिवाळीतल्या एका दिवसाच्या गल्ल्यापुढे काय आहे? नारळाला पैसे आहेत, सुट्या भागांना नाहीत!

तिसरे उत्तर : ‘कायदे आहेत की!’ आहेत. यंत्राच्या फिरत्या भागांना कुंपण हवे, हे तत्त्व १९४८ च्या कारखाने अधिनियमातच लिहिले गेले. पण तपासनीस येतो दिवसा आणि तार जोडली जाते रात्री. परवाना चौकटीत बसून भिंतीवर झळकतो. बांधून टाकलेला स्विच यंत्राच्या पोटात असतो.

तेव्हा माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. यंत्र चालू होवो वा न होवो, तपासणीची फी मिळालीच पाहिजे. धोक्याच्या यंत्रावर लाल चिठ्ठी लावण्याचा अधिकार मेकॅनिकला हवा. तारीख आणि सही असलेली ती चिठ्ठी योग्य भाग बसल्याशिवाय कोणी काढू नये, आणि तिची नोंद एका वहीत राहावी. ती वही तपासनिसाने पाहावी, विमा कंपनीने पाहावी. यंत्रात हात असेपर्यंत मुख्य स्विचला कुलूप असावे आणि किल्ली मेकॅनिकच्याच खिशात असावी. यात खर्चाचे असे काय आहे?

आणि शेवटी, वाचकहो, तुमच्याकडेही एक मागणे आहे. मालकांच्या मागे घाई लावतो कोण? पदार्थ यायला दहा मिनिटे उशीर झाला तर टेबलावर बोटे वाजवणारे आपणच ना? आपण मुलांना स्वयंपाक करणाऱ्याचे आभार मानायला शिकवतो, ते बरेच आहे. पण तो ज्या भट्टीपुढे उभा असतो ती सुरक्षित ठेवणाऱ्या माणसाला आपल्या लेखी नावही नाही. तो ‘मिस्त्री’, मागच्या दाराने येणारा, आणि आपला मुलगा त्या धंद्यात जाईल या कल्पनेनेच आपल्याला घाम फुटतो. या दिवाळीत एखाद्या दुकानावर ‘यंत्र दुरुस्तीला काढले आहे, आज जिलबी नाही’ अशी पाटी दिसली, तर कुरकुर न करता परत फिरा. आणि जमले तर आत डोकावून मालकांना ‘बरं केलंत’ म्हणा. जिलबी उद्या मिळेल. बोटे पुन्हा फुटत नाहीत.