घरची पार्टी आणि तरुण यजमान

सत्रपरीक्षा आटोपली की महाविद्यालयीन मुलामुलींच्या घरी एक विनंती हमखास पुढे येते : वर्गातील मित्रमंडळींना एका संध्याकाळी घरी बोलवायचे आहे. व्यापारी कुटुंबात या विनंतीला बहुधा दोनच उत्तरे मिळतात. दुकानाच्या गडबडीत असलेले वडील चार नोटा पुढे करून ‘बाहेर हॉटेलात करा’ म्हणतात. नाहीतर आजी-आजोबांच्या गैरसोयीचे कारण सांगून बेत मोडला जातो. पार्टी मात्र यामुळे टळत नाही. ती एखाद्या मित्राच्या भाड्याच्या खोलीत किंवा गावाबाहेरच्या फार्महाऊसवर होते आणि तेथे काही विपरीत घडले, तर जबाबदार असे कोणीच नसते.

वस्तुतः घरची पार्टी म्हणजे मुलाला वा मुलीला आरंभापासून हिशेबापर्यंत स्वतः चालविता येईल अशी पहिली उलाढाल होय. तीत भांडवल आहे, मालाचा अंदाज आहे, वेळेचे बंधन आहे आणि आलेल्या माणसांचे दायित्व आहे. वडीलधाऱ्यांनी अटी आधी स्पष्ट कराव्यात आणि मग कारभार खरोखरच मुलांच्या हाती द्यावा.

पहिली अट पाहुण्यांच्या यादीची. बारा फूट बाय पंधरा फुटांचा दिवाणखाना म्हणजे 180 चौरस फूट. सोफा व कपाट यांची जागा वजा केली, तर सतरंजीवर पंधरा-सोळा जण मोकळेपणाने बसू शकतात. एवढीच नावे कागदावर लिहावीत व प्रत्येकास स्वतंत्र निरोप द्यावा. वर्गाच्या समूहावर सर्वांना मिळून एकच संदेश टाकला, की तो पुढे पुढे जातो आणि दारात अनोळखी चेहरे उभे राहतात. निमंत्रणात आरंभाइतकीच समाप्तीची वेळही लिहावी. पाहुण्यांच्या घरच्यांनाही त्यामुळे निश्चिंती लाभते.

वेळ ठरविताना सूर्यास्ताकडे पाहणे सोयीचे. पुणे-सांगलीकडे डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सातनंतर. घरात रात्रिभोजनाचा त्याग असेल, तर हिवाळ्यात साडेतीनला आरंभ, पाचला भोजन आणि पुढे गाणी व खेळ, असा क्रम बसतो. साडेसातपर्यंत सर्व आटोपले, तर वसतिगृहातील मुलींनाही वेळेत परतता येते.

पदार्थ थोडे ठेवावेत आणि ते भरपूर असावेत. कच्च्या केळ्याची, मटार व ढोबळी मिरची घातलेली पावभाजी कांदा-बटाट्यावाचूनही चविष्ट होते आणि जैन नसलेले मित्रही ती आवडीने खातात. माणशी तीन पाव धरले, तर सोळा जणांना 48 लागतात. वर आठ-दहा अधिक आणावेत. भाजी माणशी पाव किलो धरली, की चार किलोंचा अंदाज येतो. जोडीला भेळ, ताक आणि एकच गोड पदार्थ पुरेसा होतो. तरुणांच्या पंक्तीत तिखटमिठाचे लवकर संपते आणि गोड उरते, हेही ध्यानी असावे. कोणास शेंगदाणे किंवा दूध सोसत नाही, हे निमंत्रण देतानाच विचारावे. पनीर वा दुधाचे पदार्थ दोन तासांहून अधिक काळ उघड्यावर राहू नयेत. महाराष्ट्रात एकदाच वापरावयाच्या प्लॅस्टिकच्या व थर्माकोलच्या ताटल्यांवर 2018 पासून बंदी आहे. घरातील स्टीलची ताटे काढावीत, म्हणजे कचऱ्याचा प्रश्नच उरत नाही.

पैशांचा अंदाज आधी लिहावा आणि त्यात दहा टक्के आकस्मिक खर्चासाठी ठेवावेत. वर्गणी शक्यतो काढू नये. गावाकडून मोजके पैसे येणारा मित्र वर्गणीच्या धास्तीने काही निमित्त सांगून येण्याचे टाळतो, आणि त्याचे ते निमित्त कोणास उमगतही नाही. खर्च जड वाटत असेल, तर पदार्थ कमी करावा, माणूस कमी करू नये. दुसऱ्या दिवशी बिलांसह जमाखर्च वडिलांपुढे ठेवावा. उरलेली रक्कम न मागता परत करावी.

घराचीही व्यवस्था लावावी लागते. दुकानाच्या किल्ल्या, रोकड व बिलबुके असलेली खोली आधीच कुलूपबंद करावी. यात पाहुण्यांवर अविश्वास नाही. पुढे काही सापडेनासे झाले, तर कोणावर संशय येऊ नये, ही त्यामागील काळजी आहे. आजींच्या सामायिकासाठी दूरची एक खोली राखून ठेवावी आणि त्या काळात गाणी थांबवावीत. वरच्या, खालच्या व शेजारच्या बिऱ्हाडांत यजमानाने स्वतः जाऊन दोन दिवस आधी सांगून यावे. निवासी भागात आवाजाची कायदेशीर मर्यादा दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल आहे आणि रात्र दहा वाजता सुरू होते. स्पीकर शेजाऱ्याच्या भिंतीला टेकवू नये. गाड्या कोठे लावायच्या, हे सोसायटीच्या सचिवांना विचारून घ्यावे.

सर्वांत अवघड विषय मद्याचा. तो संकोचाने टाळला जातो आणि नेमका तोच घातक ठरतो. महाराष्ट्रात बिअर व वाईनसाठी किमान वय 21 आणि अन्य मद्यासाठी 25 आहे. महाविद्यालयातील बहुतेक मुले या वयाच्या आतील असतात, म्हणून येथे घराच्या आचाराबरोबर कायद्याचाही प्रश्न आहे. ‘आमच्या घरी मद्य व सिगारेट चालत नाही’ हे निमंत्रणातच एका वाक्यात सांगावे. ऐन वेळी दारात सांगितले, तर ते अपमानास्पद वाटते.

तरीही कोणी बाहेरून पिऊन आला, तर काय करावे? पुष्कळ घरांत त्याला तत्काळ बाहेर काढले जाते आणि तो तशाच अवस्थेत दुचाकीला किल्ली लावतो. यजमानाने येथे राग गिळावा. गाडीची किल्ली मागून घ्यावी, मित्राला बसवावे व त्याच्या घरी कळवावे. तो हलवूनही जागा होत नसेल, तर त्याला कुशीवर निजवून, जवळ माणूस ठेवून 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घराची बदनामी होईल, या भीतीने हा फोन लांबवू नये. बोलणी दुसऱ्या दिवशीही ऐकविता येतात.

वडीलधाऱ्यांनी घरात असावे, दिवाणखान्यात नसावे. आरंभी दाराशी येऊन पाहुण्यांची नावे विचारावीत, भोजनाच्या वेळी एकदा फेरी मारावी, एवढे पुरे. दार, वाढप, संगीत आणि आवराआवर ही चार कामे चार मित्रांत आधीच वाटलेली असावीत. कोणाचेही छायाचित्र त्याच्या संमतीशिवाय समाजमाध्यमावर जाऊ नये.

शेवटचा पाहुणा उंबरठा ओलांडतो, तेव्हा यजमानपद संपत नाही. कोण कोणाबरोबर, कोणत्या वाहनाने जाणार, याची यादी यजमानाजवळ असावी. एका दुचाकीवर तिघे बसू नयेत आणि प्रत्येकाने पोहोचल्याचे कळवावे. शेवटचा निरोप येईपर्यंत यजमानाने झोपू नये. सकाळी भांडी व झाडलोट घरकामाच्या मावशींवर न टाकता मुलांनी स्वतः करावी. असा दिवस ज्याने एकदा नीट पार पाडला, त्याला पुढच्या खेपेस परवानगीसाठी फारसे बोलावे लागत नाही, आणि आपली मुले संध्याकाळी कोठे आहेत, हे त्या घराला ठाऊक असते.