मॅटखालचा गंज

आमची मारुती ८०० सन २००८ ची. २०२३ मध्ये पंधरा वर्षं भरली आणि फेरनोंदणीसाठी आरटीओत तपासणीची वेळ आली. "वरून रंग मारू, होईल पास," हे म्हणाले. गाडी पुसताना मी मागची मॅट उचलली आणि हबकलेच! पत्र्याला रुपयाएवढं भोक, खाली रस्ता दिसतोय. तिथंच तर रोज नात पाय ठेवून बसायची.

मग आधी पत्रा जोडला, अंडरकोटिंग केलं, ब्रेक तपासले. रंग राहू दे म्हटलं.

एप्रिल २०२२ पासून हे शुल्क सहाशेचं पाच हजार झालंय. खर्च टोचतो, खरंय. पण फेरनोंदणी झाली की सरकार आपली गाडी पुन्हा पाच वर्षांनी बघणार. गंज तेवढा थांबतो का? सोलापुरात पाऊस कमी म्हणून आपण निर्धास्त. पण काळ्या मातीचा चिखल खाली चिकटून बसतो आणि ओल धरतो.

मैत्रिणींनो, लोणच्याच्या बरणीला ओल लागू नये म्हणून आपण किती जपतो! तसंच दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत मॅट उचला, वाळवा, पत्रा स्क्रू-ड्रायव्हरनं टोचून बघा. ही वार्षिक तपासणी आपल्याच हातची. तिला एजंट लागत नाही.