एकाच पत्तीचे सहा पेले

चहा हे आपल्या घरात सर्वांत अधिक वेळा होणारे आणि कदाचित सर्वांत कमी लक्ष देऊन प्यायले जाणारे पेय होय. पाहुणा आला की आधण चढते, पूड पडते, दूध-साखर मिसळते आणि गप्पांच्या ओघात पेला रिकामाही होतो. चव कशी होती, असे कोणी विचारलेच, तर ‘कडक होता’ किंवा ‘गोड होता’ यापलीकडे उत्तर सुचत नाही. या वेळी आपण एका वेगळ्या चहाची ओळख करून घेऊ. हा चहा एकदाच उकळून टाकून द्यावयाचा नसतो. त्याच पत्तीवर पुन्हा पुन्हा पाणी घालावयाचे आणि प्रत्येक पाण्याची निराळी चव घ्यावयाची, अशी त्याची रीत आहे.

हा चहा चीनमधला. आपण ज्याला काळा चहा म्हणतो, त्याला चिनी लोक ‘होंगचा’, म्हणजे लाल चहा म्हणतात. आपण वाळलेल्या पत्तीचा रंग पाहिला, त्यांनी पेल्यातील पाण्याचा. यातील ‘चा’ आणि आपला ‘चहा’ हे मूळचे एकच. जबलपूरच्या मराठी घरात हा शब्द ‘चहा’ असतो, उंबऱ्याबाहेर बाजारात ‘चाय’ होतो. दोन्ही रूपे त्याच चिनी शब्दाची लेकरे आहेत.

चीनमधील काळ्या चहाचे प्रकार अनेक. फूचिएन प्रांतातील वूयी पर्वतात देवदाराच्या जातीच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेला चहा होतो. आन्हुइ प्रांतातील कीमुन चहा १८७५ च्या सुमारास होऊ लागला. युन्नान प्रांतातील काळा चहा त्या मानाने अगदी अलीकडचा. जपानशी चाललेल्या युद्धात पूर्वेकडील चहाचे प्रदेश धोक्यात आले, तेव्हा फंग शाओछिउ या तज्ज्ञाला १९३८ साली युन्नानात पाठविण्यात आले आणि तेथील मोठ्या पानाच्या झाडांपासून हा चहा तयार होऊ लागला. आपल्या पहिल्या परीक्षेला हाच घ्यावा. त्याची पत्ती लांब, पीळदार आणि काळी असून तीत सोनेरी टोके दिसतात. ही टोके म्हणजे कोवळ्या कळ्या.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. युन्नानचे मोठ्या पानाचे झाड आणि आपल्या आसामचे झाड ही जवळची भावंडे आहेत. मग एकाचा चहा एका उकळीत सारे देऊन मोकळा का होतो आणि दुसऱ्याचा सहा पाण्यांपर्यंत का पुरतो? याचे उत्तर बरेचसे पत्ती कशी तयार केली यात आहे. १९३० च्या सुमारास आसामातील आमगुरीच्या मळ्यावर विल्यम मॅकर्चर यांनी पान दाबून, फाडून, वळवून त्याचे बारीक दाणे करणारे यंत्र बनविले. आज आपल्या डब्यात असते ती दाणेदार पूड याच पद्धतीची. दाणा जितका बारीक, तितका त्याचा अर्क लवकर उतरतो. अखंड पानाचे तसे नाही. त्याचे पीळ पाण्यात हळूहळू उलगडतात आणि आतील द्रव्ये क्रमाक्रमाने बाहेर येतात.

म्हणून आपल्या दाणेदार चहाला कमी लेखू नये. सकाळच्या पाळीवर कारखान्यात निघालेल्या माणसाला तीन मिनिटांत तरतरी देणारा, दूध-साखर समर्थपणे पेलणारा चहा त्याच्याच पूडीचा व्हावा, हे योग्यच आहे. दुधातील प्रथिने चहातील तुरट द्रव्यांना बांधून ठेवतात, म्हणून तो सौम्य लागतो. परंतु ज्या चहाची खरी गंमत त्या तुरटपणाच्या आणि सुवासाच्या छटांत आहे, त्यात दूध घातले तर ती झाकली जाते.

पाण्याचा विचार

जबलपूरकरांना पाण्याची ओळख करून देण्याची गरज नाही. आमच्या भेडाघाटचे संगमरवरी कडे चुना आणि मॅग्नेशियम यांच्या कार्बोनेटचे आहेत. आपल्या किटलीच्या आत जो पांढरा थर साचतो, त्यातही मुख्यतः चुन्याचे कार्बोनेटच असते. असे जड पाणी वापरले की चहावर तेलकट दिसणारी साय धरते, रंग मळकट होतो आणि सुवास दबतो. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी वापरणाऱ्या घरांना हा अनुभव विशेष येतो. उपाय सोपा आहे. पाणी आधी चांगले उकळावे, निवू द्यावे, तळाशी बसलेला गाळ न हलविता वरचे पाणी ओतून घ्यावे आणि तेच पुन्हा तापवावे. पुष्कळसा चुना त्यामुळे खाली राहतो.

पाणी किती तापवावे? समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंचीवरील जबलपुरात पाणी ९८ ते ९९ अंशांच्या दरम्यान उकळते. उकळी आल्यावर भांडे उतरवून अर्धा मिनिट थांबले की या चहाला हवी तशी उष्णता मिळते. पत्ती मात्र पाण्यात घालून चुलीवर कधीही उकळू नये.

सहा पाणी

चीनमध्ये यासाठी झाकणाची लहान वाटी वापरतात. आपल्याकडे चिनी मातीची लहान किटली किंवा झाकण असलेला कप आणि बारीक गाळणे यांवर काम भागते. सुमारे १०० मिलिलिटर पाण्यास ५ ग्रॅम पत्ती घ्यावी. अखंड पत्ती फुगीर असल्याने चमच्याच्या मापाने फसगत होते, तेव्हा पहिल्या वेळी वजन करून घेतलेले बरे. भांडे आधी गरम पाण्याने धुऊन घ्यावे, पत्ती घालून झाकण ठेवावे आणि क्षणभराने झाकण काढून नुसता वास घ्यावा. निम्मी ओळख येथेच होते.

पहिले पाणी १५ सेकंदांत गाळून घ्यावे. रंग फिका केशरी, वास मधाच्या जवळचा. चव अजून पुरती उमललेली नसते. दुसऱ्या पाण्यालाही तितकाच वेळ द्यावा. पीळ आता सैल झालेले असतात. रंग तांबूस होतो आणि भाजलेल्या धान्याचा खरपूसपणा जिभेवर येतो. तिसरे पाणी २० सेकंदांचे. बहुतेकांना हेच सर्वांत आवडते, कारण गोडी, तुरटपणा आणि कधी मिऱ्यासारखी किंचित तिखट चाहूल यांचा येथे समतोल साधतो. चौथे पाणी ३० सेकंदांचे. तुरटपणा उतरतो आणि भाजलेल्या रताळ्याची आठवण व्हावी अशी गोडी पुढे येते. पाचव्यास एक मिनिट आणि सहाव्यास दोन मिनिटे द्यावीत. आता रंग फिका पडतो, पण घोट गिळल्यावर घशात मागे राहणारी गोडी अजून जाणवते. ती सरली की पत्तीचे काम संपले.

हे वेळ म्हणजे नियम नव्हेत. चव जड वाटली तर वेळ कमी करावा, पोकळ वाटली तर वाढवावा. मात्र प्रत्येक वेळी सारे पाणी शेवटच्या थेंबापर्यंत गाळून घ्यावे. पत्ती पाण्यात बुडून राहिली की पुढचा पेला कडू होतो.

पिताना लहान घोट घ्यावा आणि खुशाल भुरका मारावा. इतर वेळी मुलांना आपण यासाठी रागावतो, पण चहाचे परीक्षकही भुरकाच मारतात. घोटाबरोबर आत गेलेली हवा सुवासाला टाळ्यामागून नाकापर्यंत पोचविते आणि चवीचा मोठा भाग तेथेच कळतो.

घरासाठी दोन शब्द

चिनी चहा मिळाला नाही तर अडून राहू नये. दार्जिलिंगमध्ये १८४१ साली डॉ. कॅम्पबेल यांनी चिनी वाणाचेच बी लावले आणि तेथील अनेक मळ्यांत आजही त्या वाणाची झाडे आहेत. अखंड पानाचा दार्जिलिंग चहा घेऊन हाच प्रयोग करता येतो. केवळ पाणी थोडे अधिक निववावे. चार माणसांना लहान पेल्यांतून सहा वेळा आस्वाद देणारी ५ ग्रॅम पत्ती, तिची किंमत जास्त असली तरी, वाटते तितकी महाग पडत नाही.

एक सावधगिरी मात्र अवश्य पाळावी. चहातील तुरट द्रव्ये अन्नातील, विशेषतः डाळी आणि पालेभाज्यांतील, लोह शरीरात शोषले जाऊ देत नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनात जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा टाळावा, असे सांगितले आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. ज्या घरात गृहिणी सर्वांना वाढून झाल्यावर शेवटी जेवते आणि लगेच चहाचा पेला हाती घेते, त्या घराने ही गोष्ट मनावर घ्यावी. चहा सोडण्याचे कारण नाही, त्याची वेळ तेवढी बदलावी. आणि ओली पत्ती रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा वापरू नये. ती कुंडीतल्या मातीत मिसळावी.

या रविवारी दुपारची जेवणे होऊन तास-दीड तास लोटला की असा चहा मांडून पाहा. आजोबांना कोणते पाणी आवडले, सूनबाईंना कोणते, मुलांना कशाचा वास आला, हे एकमेकांना विचारा. एकाच पत्तीबद्दल घरात चार मते निघतील आणि ती चारही खरी असतील. ती ऐकून घेण्याइतकी सवड सहा पेल्यांत सहज मिळते.