ऐकू कमी येणाऱ्या मुलाला स्वतः बोलू द्या



मुंबईच्या उपनगरात, वांद्रे पश्चिमेला, अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे. ही सरकारी संस्था १९८३ साली सुरू झाली. अंधेरी-बोरिवलीहून तिथे थेट लोकलने जाता येते. मुलुंड-घाटकोपरच्या लोकांना दादरला गाडी बदलावी लागते. तिथे कान तपासतात, मुलांना बोलायला शिकवतात. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना सरकारी योजनेतून श्रवणयंत्रही मिळते.

पण यंत्र बसवले की काम संपले, असे समजू नका. यंत्राने गुरुजींचा आवाज मोठा होतो, तशी वर्गातली कलकलही मोठी होते. गुरुजी फळ्याकडे तोंड करून बोलले, तर मुलाला अर्धेच कळते. तरी सगळे हसतील म्हणून ते मुकाट मान डोलावते. हीच सवय घातक. मळणीयंत्रापाशी "हात घालू नकोस" हे न ऐकताच त्याने मान डोलावली तर?

याला आपली मायाही थोडी कारणीभूत असते. पाहुण्यांनी मुलाला नाव विचारले, की उत्तर आपणच देतो. मग त्याला बोलायची सवय लागणार कशी? रडल्याखेरीज आईही दूध पाजत नाही, असे आपणच म्हणतो ना?

म्हणून लहानपणापासून ही वाक्ये त्याच्याकडून घोकून घ्या:

१. मला ऐकू आले नाही, पुन्हा सांगा.
२. माझ्याकडे तोंड करून बोला.
३. मला पुढे बसू द्या.
४. माझ्या यंत्राचा सेल संपला आहे.

जे मूल बोलत नाही, त्याने हेच खुणेने किंवा लिहून सांगावे. तेही बोलणेच आहे.

सराव घरापासून करा. त्याला दुकानात पाव किलो साखर आणायला पाठवा. तुम्ही जरा लांब उभ्या राहा. दुकानदाराचे कळले नाही, तर त्यालाच पुन्हा विचारू द्या. जादा सेल दप्तरात ठेवायचे काम त्याच्याकडेच सोपवा.

शाळेत पहिल्या दिवशी तुम्ही जा, पण गुरुजींना त्यालाच सांगू द्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. त्यासाठी सरकारी दाखला काढून ठेवा.

आपण जन्मभर पुरणार नाही. त्याचे बोलणे मात्र त्याला जन्मभर पुरेल.