जातीचा दाखला पुन्हा चावडीवर कशाला?

अर्ज शिष्यवृत्तीचा असो की जात पडताळणीचा, कागद अपलोड केल्याशिवाय आमच्या मुलांची सुटका नाही. कुठे पीडीएफ चालते, कुठे जेपीजीच लागते, तीही ठरावीक केबीत बसणारी. मग शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री मोबाईलवर फुकटची वेबसाइट शोधली जाते आणि जातीचा दाखला, आधार, पणजोबांचा शाळेचा उतारा असा सगळा संच अनोळखी सर्व्हरवर जाऊन पडतो. काम दोन मिनिटांत होते. पण त्या दोन मिनिटांत आपण काय देऊन बसलो, याचा हिशेब कोणी करत नाही.

औंध संस्थानच्या मुलखातल्या कुटुंबांचे उदाहरण घ्या. हे संस्थान सलग नव्हते. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे. आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात. १९४८ साली संस्थान विलीन झाले. अनुसूचित जातीच्या पडताळणीत मात्र १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या पुराव्याला महत्त्व. म्हणजे पणजोबांचे नाव संस्थानी अमलातल्या शाळेच्या रजिस्टरात किंवा मोडीतल्या जुन्या कागदांत शोधायचे. त्यात जुन्या जातीचे नाव, पुढच्या पिढीच्या दाखल्यात १९५६ च्या धम्मदीक्षेनंतरची बौद्ध ही नोंद, सोबत वंशावळ आणि गावाचा पत्ता. तीन-चार पिढ्यांची अशी कुंडली एका फाइलीत बसते.

कोणी म्हणेल, यात लपवायचे काय? गावात आपली जात सगळ्यांना ठाऊकच आहे. आमचा मुद्दा नेमका हाच आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने कारभार गावपंचायतींकडे सोपवला, त्याचे कौतुक आजही होते. पण ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी गावाचे गोडवे गाणाऱ्यांना खडे बोल सुनावले. गावात माणसाआधी त्याची जात ओळखली जाते, हे त्यांनी भोगले होते. शहरात निदान कोणाला सांगायचे आणि कोणाला नाही, हे काही प्रमाणात आपल्या हातात असते. दाखला भलत्याच्या हाती गेला की तेही हातातून जाते. चावडी मागे सोडली म्हणावी, तर ती खिशातल्या मोबाईलमध्ये हजर.

आम्हाला जातीची लाज नाही. हक्क मागताना शासनापुढे दाखला ठेवणे हा स्वाभिमान आहे. तो कोणापुढे ठेवायचा, हे दुसऱ्याने ठरवणे हा अपमान आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्ये सांगितले. तो हक्क फक्त बंगल्यात राहणाऱ्यांचा नाही.

आणि उपाय अवघड नाही. संगणकावर लिब्रेऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर एकदा टाकून घ्या. त्यातल्या ‘ड्रॉ’मध्ये पीडीएफ उघडा, हवे ते पान निवडा, एक्सपोर्ट करताना जेपीजी प्रकार घ्या. रिझोल्यूशन आणि दर्जा कमी केला की केबी उतरतात. फाइल आपल्या यंत्राबाहेर जात नाही. फक्त मोबाईल असेल तर पान पडद्यावर मोठे करून स्क्रीनशॉट घ्या आणि कडा कापा. अक्षर वाचता येते ना ते पाहा, आणि फोटो आपोआप ऑनलाइन साठवले जात असतील तर ती सोय आधी बंद करा. एखादे ॲप ‘सगळे तुमच्याच मोबाईलवर होते’ म्हणत असेल, तर इंटरनेट बंद करून चालवा. अडले, तर दावा खोटा. सायबर कॅफेत काम केले असेल, तर डाउनलोड फोल्डर आणि रिसायकल बिन रिकामी करून, व्हॉट्सॲप लॉगआउट करूनच उठा.

पण सगळा भार विद्यार्थ्यावर टाकून शासनाला हात झटकता येणार नाहीत. पोर्टलने पीडीएफ आणि जेपीजी दोन्ही स्वीकारावे, आकार कमी करण्याची सोय तिथेच द्यावी. सेवा केंद्रातल्या संगणकावर अर्जदाराचे कागद पडून राहू नयेत, याची जबाबदारी ठरवावी. शासनानेच मागितलेल्या कागदाची राखणही शासनानेच केली पाहिजे.

तोवर प्रत्येक वसतिगृहात, प्रत्येक विहारात एका तरुणाने ही कृती दहा जणांना शिकवावी. अर्धा तास पुरतो. शिका, या शब्दात आज हेही येते.

जय भीम!