आयडा वेल्स : तोहमतीचा हिशेब मागणारी शिक्षिका

अमेरिकेत १८६५ मध्ये घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. कायद्याने माणूस मोकळा झाला. पण त्याने मत द्यावे, जमीन घ्यावी, दुकान काढावे, हे दक्षिणेकडच्या अनेक गोऱ्यांना सोसत नव्हते. मग जमाव जमायचा, एखाद्या कृष्णवर्णीयाला घरातून किंवा तुरुंगातून ओढून काढायचा आणि खटल्यावाचून ठार मारायचा. हेच लिंचिंग. कुणी जाब विचारला, तर उत्तर ठरलेले असे : ‘त्याने गोऱ्या बाईच्या अब्रूला हात घातला होता.’ एवढे ऐकले की भलेभले गप्प बसत.

या उत्तराची खातरजमा केली ती आयडा वेल्स या शिक्षिकेने. १८६२ मध्ये मिसिसिपी राज्यात गुलाम आई-बापांच्या पोटी तिचा जन्म झाला. ती सोळा वर्षांची असताना पिवळ्या तापाच्या साथीत दोघेही गेले. धाकट्या भावंडांना पोसण्यासाठी तिने शाळेत नोकरी धरली. पुढे मेम्फिस शहरात ती शिकवू लागली, वर्तमानपत्रातही लिहू लागली. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांची दुर्दशा छापल्यामुळे १८९१ मध्ये तिची नोकरी गेली. लेखणी मात्र तिने सोडली नाही.

मार्च १८९२ मध्ये मेम्फिसमध्येच तिचा मित्र टॉमस मॉस आणि त्याचे दोन साथीदार यांना जमावाने तुरुंगातून नेऊन गोळ्या घातल्या. त्यांचे किराणा दुकान चांगले चालत होते आणि त्यामुळे शेजारच्या गोऱ्या दुकानदाराचे गिऱ्हाईक तुटत होते. त्यातून तंटा वाढला, गोळीबारापर्यंत गेला. यात कुठल्याही बाईच्या अब्रूचा प्रश्नच नव्हता. आयडाला प्रश्न पडला : मग बाकीच्या बळींचे काय?

ती गावोगाव फिरली, माणसांना भेटली, नोंदी तपासल्या. आकडे मुद्दाम गोऱ्यांच्याच वृत्तपत्रांतून घेतले, म्हणजे ते खोटे म्हणायची सोय राहू नये. हिशेब असा निघाला, की सुमारे दोन तृतीयांश बळींवर बलात्काराचा आरोपसुद्धा नव्हता. त्याच वर्षी मे महिन्यात ती परगावी असताना तिच्या वर्तमानपत्राची कचेरी उद्ध्वस्त करण्यात आली. परत आलीस तर जीव जाईल, अशा धमक्या आल्या. तिने न्यूयॉर्कहून आणि नंतर शिकागोहून लिहिणे चालू ठेवले. इंग्लंडमध्ये जाऊन भाषणे दिली.

१९३१ मध्ये ती वारली. लिंचिंगविरुद्ध देशपातळीवरचा कायदा व्हायला मात्र २०२२ साल उजाडावे लागले.

वाचक भगिनी-बंधूंनो, ही हकिकत घरातल्या मुला-मुलींना जरूर सांगा. मारणारे हात थोडे होते. ‘काहीतरी केले असेल म्हणूनच मारले’ असे म्हणून जेवायला बसणारे पुष्कळ होते. एखाद्या माणसाबद्दल किंवा जमातीबद्दल काही वाईट कानावर आले, की ते पुढे सांगण्याआधी मुलांनी एवढे तरी विचारावे : हे पाहिले कुणी? आणि हे खरे मानल्याने फायदा कुणाचा होतो?