घंगाळाचा भाव

गेल्या उन्हाळ्यात मोडवाला दारात आला. पुतण्यानं माळ्यावरचं आईचं घंगाळ उतरवून त्याच्या काट्यावर ठेवलं. साडेपाच किलो भरलं. मोडवाला म्हणाला, "नाना, घट कापून आजच्या भावानं देतो." पुतण्या म्हणाला, "बरोबर आहे की."

मोडवाल्याचा मला राग नाही आला, त्याचा धंदाच वजनाचा. राग आला त्या 'बरोबर आहे की'चा. मोंढ्यात आमचा मका ओल कापून वजनावर घेतात, तव्हा हाच पोरगा बोंबलतो, की आमच्या मेहनतीचं काय? मग तांबटाची मेहनत कुठं गेली, लेका?

हे घंगाळ १९५५ सालचं. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. आईच्या मामांनी लग्नात द्यायला ते नाशिकच्या तांबट लेनमधून आणलं. मनमाडपर्यंत रेल्वे, तिथून छोट्या गाडीनं लासूर स्टेशन, पुढं बैलगाडी. काठावर टिंबाटिंबांनी आईचं नाव, मामांचं नाव अन् साल कोरलंय. ज्यानं घडवलं त्याचं नाव मात्र कुठंच नाही. पैसे मोजणाऱ्याचं नाव आलं, हात मोडून घेणाऱ्याचं राहिलं.

शहरातले लोक म्हणतात, ठोक्यांची काय छान नक्षी आहे! नक्षी कसली? तांबं ठोकलं की ताठ होतं. ताठ झाल्यावर तसंच ठोकत राहिलं तर तडकतं. म्हणून ते भट्टीत लाल करायचं, मऊ करायचं, की पुन्हा ठोकायचं. असं कितीदा तरी. शेवटी एकाला एक लागून ठोक्यांच्या ओळी मारतात, त्याला पुण्याकडं मठारकाम म्हणतात. त्यानं पत्रा कडक होतो, भांडं पोचत नाही. आमच्या घंगाळात तिघा भावंडांच्या अंघोळी झाल्या, ते ओट्यावरून दोनदा तरी गडगडलं, पण आकार हलला नाही. आता बाजारात तांब्याच्या बाटल्या येतात. मशीनवर दाबून उठवलेले ठोके, सगळे एकसारखे. त्या बाटलीला लोक हौसेनं पैसे देतात अन् खऱ्या ठोक्याला मोडीत घालतात.

मागं एक हॉटेलवालाही आला होता. मोडीच्या तिप्पट देतो म्हणाला. कशाला हवं? तर कुंडी करायला. पाणी निथरायला तळाला भोक पाडणार होता. सत्तर वर्षं ज्यातून थेंब गळला नाही, त्याला भोक! त्याला चहा पाजला अन् वाटेला लावला.

पण आम्हीही काही धुतल्या तांदळाचे नाही. १९७२ च्या दुष्काळात आमचा तांब्याचा हंडा गेला, त्यावर ज्वारी आली. त्याबद्दल मी कुणाला बोल लावणार नाही. पोटापुढं हंडा काय चीज आहे! पुढं मात्र घरात दाणा असताना दोन बगुणी गेली, स्टीलच्या चकचकीत डब्यांपायी. कोण चिंच लावून घासत बसणार, कल्हईवाला आता येतो कुठं, असं बायका म्हणाल्या, अन् मीही मान डोलावली. कल्हईवाला यायचा तेव्हा आम्ही त्याच्याशी आठ-आठ आण्यांसाठी हुज्जत घालायचो. भांडं तापवून, नवसागर टाकून, तो धूर नाकात घेत तो कथील फिरवायचा, अन् आम्ही म्हणायचो, फार सांगतोस. मग तो यायचाच का?

तांबट संपले, असं ऐकलं की मला चीड येते. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईत कोकणातून आलेली ही घराणी. आता थोडीच उरलीत, पण हातोडा चालू आहे. संपले म्हटलं, की आपली जबाबदारी संपते, एवढीच त्या बोलण्याची सोय.

घंगाळाची एक कडी ढिली झालीय. इथं विचारलं तर वेल्डिंगच्या दुकानाचा पत्ता मिळाला. दिवाळी झाली की पुण्याला न्यायचं ठरवलंय. पुतण्याला बजावलंय, उचलायला तू यायचं, अन् तांबट मजुरी सांगेल ती तुझ्या हातानं द्यायची. घासाघीस करायची नाही.